पारव्यांची जोडी

आमच्या शेजारी एक रापणकर राहतो. रापण ओढून ओढून त्याच्या हातांना घट्टे पडले आहेत. मोठेपणी तो आमच्याकडे अक्षरे शिकला. आता तो सावकाश, पण नीट वाचतो.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. तिन्हीसांजेला तो आमच्या अंगणात आला. मागून त्याचा मुलगा आला. मुलाच्या हातात टोपली होती. टोपलीवर जाळ्याचा तुकडा बांधला होता. आत काहीतरी फडफडत होते.

"गुरुजी, झिलान बाजारातसून पारव्यांची जोडी हाडल्यान. उद्या सकाळी सोडूया मां?"

आम्ही म्हटले, "सोडलास तर ती परत येवची नाय."

मुलाचे तोंड उतरले. तो म्हणाला, "पण गुरुजी, पारवा घर विसरत नाही असे म्हणतात ना?"

"खरे आहे, बाळा. म्हणूनच ती परत येणार नाहीत. पारवा आपल्या घरी जातो. तुझे घर अजून त्याचे घर झालेले नाही. ते आधी करावे लागेल."

वाचकहो, पारवे पाळण्याचे सारे शिक्षण या एका गोष्टीत आहे. पक्षी विकत मिळतो, त्याचे घर विकत मिळत नाही. ते आपण करायचे असते. ते कसे करायचे, ते या धड्यात पाहू.

पारवा कोण, कुठला?

पाळीव कबूतर हे रानटी पारव्याचेच वंशज. रानटी पारवे कड्यांच्या आणि समुद्रकाठच्या खडकांच्या कपारीत राहतात. माणसाने त्यांना हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले. आता ते देवळाच्या वळचणीला, किल्ल्याच्या तटातही राहतात. चिऱ्याची भिंत म्हणजे त्यांना कडाच वाटतो.

हा छंद आपल्या देशात जुना आहे. अकबर बादशहाला त्याचे फार वेड होते. त्याच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फजलने 'ऐने-अकबरी'त लिहून ठेवले आहे. आजही छंदी माणसे निरनिराळ्या जाती पाळतात. लक्का मोरासारखी शेपटी पसरतो. लोटन जमिनीवर कोलांट्या घेतो. गिरेबाज तासनतास उंच उडत राहतो. होमर दुरून घरी परत येतो.

होमर पक्ष्याने माणसाची मोठी सेवा केली आहे. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, पोलिसांनी १९४६ साली कबुतरांचे टपाल सुरू केले. त्याचा आरंभ कोरापुट जिल्ह्यात झाला. १९४८ साली पंडित नेहरूंनी संबलपुराहून कटकला एक निरोप कबुतराबरोबर पाठवला होता. १९८२ चा पूर आणि १९९९ चे चक्रीवादळ या संकटांत तारा तुटल्या, रस्ते बुडाले. तेव्हाही हे पक्षी उपयोगी पडले. पुढे वायरलेस आणि फोन सगळीकडे पोचले आणि ते टपाल थांबले.

इतक्या दुरून पक्ष्याला वाट कशी सापडते? सूर्य कुठे आहे यावरून त्याला दिशा कळते. पृथ्वीच्या अंगी लोहचुंबकासारखी शक्ती आहे, ती त्याला जाणवते. वारा वास आणतो, त्याचाही उपयोग होतो. घराजवळ आल्यावर तो नदी, रस्ता, डोंगर या खुणा ओळखतो. होकायंत्र घेऊन जाणाऱ्या तांडेलासारखाच हा पक्षी शहाणा.

आधी घरातली माणसे पाहा

मुलाने टोपली खाली ठेवली. बाप म्हणाला, "पडवीत खोका ठेवतंय. म्हाताऱ्येक पण करमणूक."

तेव्हा आम्हाला बोलावेच लागले. त्याच्या म्हाताऱ्या आईला दमा आहे. आम्ही म्हटले, "बाबा, पडवीत नको. तुझ्या घरात पारवे नकोतच."

त्याला वाईट वाटले. पण आम्ही हे स्वतः भोगलेले आहे. ते त्याला सांगितले, तुम्हालाही सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही पारवे पाळले. खुराडे पडवीतच होते. आमची आई तिथेच बसून तांदूळ निवडायची. तिला खोकला लागला. कधी आम्ही म्हणायचो थंडीचा आहे, कधी म्हणायचो चुलीच्या धुराचा आहे. पुढे म्हणू लागलो, वयच झाले. अशी दोन वर्षे गेली. मग एका डॉक्टरांनी विचारले, "घरात पक्षी आहेत काय?" आम्ही त्याच दिवशी खुराडे हलवले. खोकला कमी झाला. पण गेलेला दम पुरता परत आला नाही. देवळाची घाटी चढताना ती तीन वेळा बसायची. तो दोष पारव्यांचा नव्हता. आम्ही शाळा चालवत होतो, पण एवढी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती.

पारव्याची विष्ठा वाळते. तिची बारीक धूळ होते. पंखांतूनही पांढरी भुकटी झडते. ही धूळ रोज श्वासाबरोबर आत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. वर्षानुवर्षे असेच चालले तर फुप्फुसे ताठ होतात. मग ती पूर्वीसारखी होत नाहीत. मुंबईत रस्त्यावर कबुतरांना दाणे घालण्याची जुनी चाल होती. दादरचा कबुतरखाना तर प्रसिद्धच. २०२५ साली लोकांच्या आरोग्यासाठी महानगरपालिकेने असे कबुतरखाने बंद केले. त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, धुळीची गोष्ट खरी आहे.

म्हणून हे नियम पाळा. घरात दमा, जुना खोकला किंवा छातीचा आजार असेल तर घरात वा पडवीत पारवे ठेवू नका. तान्हे मूल असेल तरी ठेवू नका. खुराडे घरापासून आणि विहिरीपासून दूर असावे. झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे. आधी थोडे पाणी शिंपावे, म्हणजे धूळ उडत नाही. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावे, सदरा बदलावा. खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना आपणहून सांगावे की आम्ही पक्षी पाळतो.

मुलगा गप्प उभा होता. आम्ही त्याला म्हटले, "आमच्या मागच्या वाडीत कोपऱ्यात जागा आहे. घरापासून चाळीस पावले दूर आहे. खुराडे तिथे बांध. पण सकाळ-संध्याकाळ तूच यायचे. दाणा तुझा, पाणी तुझे, झाडणे तुझे. एक दिवस चुकलास तर पक्षी उपाशी राहील. जमेल?"

तो "होय" म्हणाला. आम्ही त्याला रात्रभर विचार करायला सांगितले. सकाळी तो आमच्या आधी वाडीत हजर!

खुराडे कसे बांधावे

आपल्याकडे पाऊस आणि वारा समुद्राकडून येतो. म्हणून खुराड्याची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला करावे. सकाळचे ऊन आत येते, झड येत नाही. पुढे पागोळी लांब काढावी.

तीन जोड्यांना चार फूट लांब, चार फूट रुंद आणि माणूस वाकून आत जाईल एवढे उंच खुराडे पुरते. ते चार खांबांवर, जमिनीपासून तीन फूट वर असावे. प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. मग उंदीर, घूस आणि धामण वर चढत नाहीत. वर कौले घालावी. पुढच्या बाजूला अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावावी. मासे धरायचे जुने जाळे लावू नका. ते उंदीर कुरतडतो, मांजर फाडते.

आत प्रत्येक जोडीला वेगळा कप्पा द्यावा. कप्प्यात मातीचे उथळ परळ ठेवावे. घरट्यासाठी पेंढा, हिरांचे तुकडे, सुरूच्या वाळक्या काड्या टाकाव्या. बाकीचे पक्षी आपण रचतील.

दाणापाणी

मोठा पक्षी दिवसाला साधारण ३५ ग्रॅम दाणा खातो. आता हिशेब करू.

२ पक्षी × ३५ ग्रॅम = ७० ग्रॅम रोज.
७० ग्रॅम × ३० दिवस = २१०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला २ किलो १०० ग्रॅम.

ज्वारी, मका, भात आणि नाचणी हे धान्य द्यावे. त्यात कुळीथ, मूग किंवा चवळी मिसळावी. धान्याने बळ येते, कडधान्याने अंग भरते. तीन वाटे धान्य, एक वाटा कडधान्य असे प्रमाण ठेवावे. शिळा भात, तळलेले, खारवलेले काही घालू नये.

पारव्याला दात नाहीत. दाणे दळायला त्याच्या पोटात खडे लागतात. अंड्याचे कवच व्हायला चुना लागतो. आपल्याकडे त्याला पैसे पडत नाहीत. जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुवाव्या, उन्हात वाळवाव्या, कुटाव्या. त्यात थोडी जाड रेती मिसळून वाटीत ठेवावी.

पाणी रोज दोनदा बदलावे. कोंबडी चोच भरून मान वर करते. पारवा तसे करत नाही. तो चोच बुडवून गुरासारखे पाणी ओढतो. म्हणून भांडे निदान दीड इंच खोल हवे. आठवड्यातून एकदा परातीत आंघोळीला पाणी द्यावे.

दाणा मोजून द्यावा. पाव तासात संपेल एवढाच घालावा. उरलेला दाणा उचलावा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात लेप्टोचे रोगी आढळतात, हे आपण सर्व जाणतो. छंद आपला आणि आजार शेजाऱ्याला, असे होऊ नये.

घर ओळखवणे

आम्ही मुलाचे पक्षी हातात घेऊन पाहिले. त्यांच्या डोक्यावर थोडी पिवळी लव अजून होती. म्हणजे ती दीड महिन्याची पिल्ले होती. हे चांगलेच झाले. लहान पिल्लू नवे घर लवकर मानते. मोठा होमर मानत नाही. महिनोन्‌महिने कोंडला तरी सोडल्यावर तो जुन्या मालकाकडे जातो. म्हणून नवशिक्याने लहान पिल्लेच घ्यावी. डोळे स्वच्छ, चोच कोरडी, पिसे चकचकीत आणि छाती भरलेली असावी. आधी पक्षी असतील तर नवे पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवावे.

पंख कापू नका. कापलेला पक्षी मांजराच्या तोंडी जातो.

पंधरा दिवस पक्षी जाळीच्या आत ठेवावे. त्यांना बाहेरचे सर्व दिसू द्यावे. दाणा घालताना दर वेळी एकच आवाज करावा. आमच्या मुलाने डब्यात चार खडे घातले आणि तो डबा वाजवू लागला. आठ दिवसांत डबा वाजला की पक्षी धावत येऊ लागले.

मग आकाश निरभ्र असेल असा दिवस पाहावा. त्या दिवशी सकाळी दाणा कमी द्यावा. दिवस मावळायच्या तासभर आधी दार उघडावे. हाकलू नये. ते आपणच बाहेर येतील, छपरावर बसतील, एखादी फेरी मारतील. मग डबा वाजवावा.

आमच्या वाडीत त्या दिवशी सगळे जमले होते. एक पक्षी फेरी मारून लगेच आत आला. दुसरा माडावर जाऊन बसला. वर घार फिरत होती. मुलगा डबा वाजवून वाजवून रडकुंडीला आला. बाप म्हणाला, "गेलो तो!" आम्ही दोघांना खाली बसवले. अंधार पडायच्या बेताला पक्षी उतरला. पारवा रात्री उडत नाही, आणि त्याला भूक लागली होती. त्या दिवशी मुलाला धीर म्हणजे काय ते कळले.

महिनाभर पक्षी घराभोवती उडू द्यावे. जात होमरची असेल तर पुढे त्यांना टोपलीत घालून दूर न्यावे आणि सोडावे. आधी एक किलोमीटर. मग कुंभारमाठ, मग चौके, मग कट्टा, मग कसाल. एकेका ठिकाणाहून दोन-तीन वेळा सोडावे. सकाळीच सोडावे. पावसात, धुक्यात सोडू नये. होडीतून समुद्रावर तर कधीच सोडू नये. दमलेल्या पक्ष्याला पाण्यावर बसता येत नाही.

अंडी आणि पिल्ले

पारवा पाच-सहा महिन्यांचा झाला की जोडी जमते. नर घुमतो, मान फुगवतो, मादीभोवती फिरतो. पण लहानपणी नर कोणता, मादी कोणती हे जाणत्यालाही सांगता येत नाही. कधी दोन माद्याही जोडीसारख्या राहतात. मग घरट्यात चार अंडी दिसतात आणि एकही फुटत नाही! एका मादीची अंडी दोनच. पहिले अंडे दिल्यावर एक दिवस सोडून दुसरे येते.

अंड्यांवर दोघेही बसतात. सकाळ सरली की नर बसतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी बसते. दुसरे अंडे आल्यापासून साधारण १७-१८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती आंधळी असतात. आईबाप दोघेही त्यांना गळ्यातल्या पिशवीतून दह्यासारखा पदार्थ भरवतात. त्याला पारव्याचे दूध म्हणतात. पक्ष्यांत असे दूध फार थोड्यांना येते, आणि बापालाही येते! पुढे मऊ झालेले दाणे भरवतात. महिन्याभरात पिल्लू उडू लागते.

आता दुसरा हिशेब. तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीने वर्षात पाच वेळा दोन-दोन पिल्ले वाढवली.

३ × ५ × २ = ३० पिल्ले.
३० पिल्ले + ६ मोठे = ३६ पक्षी.
३६ × ३५ ग्रॅम = १२६० ग्रॅम रोज. महिन्याला जवळजवळ ३८ किलो!

दोन किलोवाल्याने अडतीस किलोचा संसार मांडू नये. जागा आणि दाणा असेल तेवढीच पिल्ले वाढू द्यावी. नको असतील तेव्हा ताजी अंडी उचलून जागी लाकडाची खोटी अंडी ठेवावी. पक्षी त्यांवर बसतात आणि काही दिवसांनी सोडून देतात. अंडी नुसती काढून घेतली तर मादी लगेच पुन्हा अंडी देते आणि झिजते.

पावसाळा

आपल्या किनाऱ्यावर पारव्याचा मोठा वैरी म्हणजे ओल. जून ते सप्टेंबर पिल्ले काढू नयेत. पेंढा ओला झाला की बदलावा. दाणा झाकणाच्या डब्यात ठेवावा. बुरशी लागलेला दाणा विषासारखा आहे, तो टाकून द्यावा. डासांपासून पक्ष्यांना देवी होते, म्हणून भोवती पाणी साचू देऊ नये.

मान वाकडी झाली, हिरवी पातळ विष्ठा पडू लागली, पक्षी पिसे फुगवून कोपऱ्यात बसला, तर तो वेगळा करावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. विष्ठा फेकू नये. ती शेणखताच्या खड्ड्यात कुजवली तर माडाला आणि वांग्याला उत्तम खत होते.

आणखी एक. रानातले होले, हरियल पकडून पिंजऱ्यात घालू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. हरियल तर आपला राज्यपक्षी आहे.

वहीतली नोंद

आमच्या वाडीतल्या खुराड्याला एक वही टांगलेली आहे. दाणा किती, कोण आजारी, कधी सोडले हे तीत लिहायचे. मुलाच्या शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत बाप येऊन काम करायचा आणि नोंदही तोच करायचा. मार्च महिन्यात एके सकाळी त्याने आपल्या मोठ्या अक्षरात लिहिले: "आज एक अंडे." एक दिवस सोडून लिहिले: "दुसरे अंडे." मग चार दिवस तो रोज परळात डोकावत होता. तिसरे अंडे आले नाही. जोडी खरीच जोडी निघाली.

त्याने बोटे मोजून पुढची तारीख आधीच लिहून ठेवली. पिल्ले त्या तारखेलाच बाहेर आली.

त्याची म्हातारी आई आपल्या पडवीतच बसते. तिथे आता फक्त सुपे आणि वाळत घातलेली आमसुले असतात. संध्याकाळी पारवे माडांवरून फेरी घालतात, ते तिला तिथून दिसतात. ती नातवाला हाक मारून सांगते, "रे, तुझे इले बघ घराकडे!"

प्रश्न

१. विकत आणलेला पक्षी लगेच का सोडू नये?
२. पडवीत खुराडे का ठेवू नये?
३. चार पक्ष्यांना महिन्याला किती दाणा लागेल? हिशेब करून वहीत लिहा.
४. दुसरे अंडे ५ मार्चला आले. पिल्ले सुमारे कोणत्या तारखेला बाहेर येतील?
५. तुमच्या घरात कोणाला दमा आहे काय? मग पारवे पाळायचे की नाही, आणि पाळायचे तर कुठे? घरातल्या सर्वांशी बोलून ठरवा.